व्याख्या आधी, वस्तू नंतर

ता. ६ जून

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी कन्या काल दुपारच्या बसने सुखरूप पोचली. सामानात चार फ्रॉक, एक कापडी ससा आणि अज्ञान, तेही तुडुंब. तुम्ही लाडाने तिला भिंगरी म्हणता म्हणे. इथे तिला परीक्षार्थी म्हटलं जाईल. का, ते पुढे येतंच.

संध्याकाळी मी पाव कापला, तर बाईसाहेबांनी लाडात येऊन त्यातला मोठा अर्धा मागितला. मी दोन्ही तुकडे डब्यात परत ठेवले. अर्धा म्हणजे दोन सारख्या भागांतला एक. सारखे असतील तर मोठा कुठला, आणि मोठा असेल तर तो अर्धा कसला? मोठा अर्धा म्हणजे सशाचं शिंग, असं सांगितल्यावर तिने आपल्या कापडी सशाचं डोकं चाचपून पाहिलं. अकरा वर्षांत तुम्ही दोघांनी काय दिवे लावलेत ते मला तिथेच कळलं.

स्वयंपाकघराच्या दारावरचा काळा फळा तुला आठवत असेलच. त्याच्या माथ्यावर अजून तेच लिहिलेलं आहे: व्याख्या आधी, वस्तू नंतर. व्याख्या आली नाही, पाव मिळाला नाही. सकाळी माझ्या खाटेशी उभी राहून तिने अर्ध्याची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. भुकेसारखी शिक्षिका नाही, बाबू. तुझ्या वेळी तुझी आई मध्ये पडायची, म्हणून तू आज पंपघरात चाकं फिरवतो आहेस. इथे मध्ये पडायला कोणी नाही, हे पोरीचं नशीब.

सूनबाईचं दुखणं आटोक्यात येईपर्यंत हिला महिनाभर सांभाळा, असं तू लिहिलंस. सांभाळणं मला कधी जमलं नाही, शिकवणं जमतं. इथल्या टेकडीवरच्या शाळेची प्रवेशपरीक्षा सप्टेंबरात आहे. शेकडो मुलांतून मोजकी घेतात. मी नाव घालून आलो आहे. तुला विचारलं नाही, कारण तू हो म्हणाला असतास.

सूनबाईस औषधं वेळेवर घ्यायला सांग. आशीर्वाद आहेतच, त्यांना माप नाही.

तुझा बाप


ता. २९ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

(ही अक्षरं पूर्ण उलगडून सांगितल्याशिवाय आजोबा लिहू देत नाहीत. मला शेवटच्या वि. चा अर्थ आला नाही, म्हणून आज दुधात साखर नाही.)

तुझा खोकला कसा आहे? मी मजेत आहे. रडले फक्त पहिल्या दिवशी, आणि परवा. आजोबांचं घर लाँड्रीच्या वर आहे, त्यामुळे जमीन सारखी कोमट असते आणि खिडकीच्या काचांवर वाफ धरते. मी बोटाने काचांवर गणितं करते. त्याला ते काही म्हणत नाहीत.

परवाची गंमत सांगते. आजोबांनी गोल पाव आणला होता. त्यांनी विचारलं की तुला काय हवं. मी शहाणपणाने म्हटलं की मला हे वर्तुळ हवं. तर त्यांनी सुरी घेतली, कडेकडेने नुसती साल काढली आणि ती रिंगण करून माझ्या ताटलीत ठेवली. वर्तुळ म्हणजे फक्त कड, आतला भाग वर्तुळात येत नाही, त्याच्या पोटात असतो, असं ते म्हणाले. मला खूप हसू आलं. मग मी थांबले, की आता आतला भाग देतील. तो त्यांनी दुधात बुडवून खाल्ला. मी बघत होते, म्हणून त्यांनी शेवटचा घास हळू खाल्ला.

आणि आई, शून्य सम आहे, माहीत आहे का? मी म्हणाले होते की शून्य म्हणजे काहीच नाही, मग ते सम कसं असेल? आजोबांनी विचारलं की पारा शून्यावर जातो तेव्हा बाहेर तापमानच नसतं का, आणि शून्याला दोनाने भागलं तर बाकी काय उरते. आणि प्रत्येक चौरस हा आयतच असतो. आयताला चार काटकोन पुरतात, दोन बाजू लांब असाव्या लागत नाहीत. पण मी त्यावरून म्हटलं की मग प्रत्येक आयत चौरस असणार. तेव्हा त्यांनी मला ओट्याजवळच्या एका फरशीवर उभं केलं आणि जेवण होईपर्यंत त्या चौरसाबाहेर पाय टाकू दिला नाही. आता मी ते जन्मात विसरणार नाही.

आजोबा वाईट नाहीत गं. त्यांनी मला नवी कंपासपेटी आणून दिली. शून्य दशांश बारापेक्षा शून्य दशांश पाच मोठा, हे मी न सांगता ओळखलं, तेव्हा त्यांनी इतक्या जोरात टाळी वाजवली की खालून लाँड्रीवाले काका काय पडलं म्हणून वर आले.

मी त्यांना विचारलं की मी घरी कधी जाणार. ते म्हणाले की नापास झालीस तर घरी जायचं नाही. म्हणून मी जिवाचं रान करते आहे. पास झाले की येतेच. माझी उशी कोणाला देऊ नकोस. बाबांना सांग, नीट जेवा.

तुझ्या कुशीची वाट बघणारी,
भिंगरी


ता. १५ जुलै

तीर्थरूप मामंजींच्या चरणी,
सूनबाईचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्यावं. बसून लिहिलं की धाप लागते, म्हणून आडवी पडून लिहिते आहे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी तुमच्यासमोर एका त्रिकोणाला उलटा म्हटलं होतं आणि तुम्ही मला सुलटा कुठला ते दाखवायला सांगितलं होतं. दिवसभर घर हसत होतं. तेव्हापासून तुम्हाला काही लिहायचं म्हटलं की मी एकेक शब्द दोनदा तपासते. आज तरी हसू नये.

भिंगरीचं पत्र मी उशाखाली ठेवलं आहे. पावाची गंमत वाचून हे खूप हसले. मी नाही हसले. मामंजी, तिला भूक सोसत नाही, लहानपणापासूनच. तिला शिकवावं, रागवावं, पण पोटभर वाढावं, एवढं मागते.

दुसरं मागणं मोठं आहे. डॉक्टरांनी मला मे महिन्यातच सगळं स्पष्ट सांगितलं. माझ्यासारखे रोगी सरासरी सहा महिने काढतात असं ते म्हणाले. म्हणजे माझा नोव्हेंबर धरायचा. घरात हे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तुमच्याशी बोललं तर चालेल असं वाटलं. मला अंगात थोडी ताकद आहे तोवर तिच्याबरोबर राहायचं आहे. तिच्या वेण्या घालता येतील, एवढे हात अजून चालतात. तिला आत्ताच पाठवावं. परीक्षा पुढच्या वर्षीही येईल.

तुमची माया आहे म्हणूनच हक्काने लिहिलं. राग नसावा.

आपली सून

ता. क. बाबा, तिच्या म्हणण्याला माझाही दुजोरा आहे. मला पंपघरातून सुटी मिळत नाही आणि हिला सोडून येताही येत नाही. तुम्ही तिला बसमध्ये बसवून दिलंत तरी पुरे. बाकी तुम्ही म्हणाल तसं. बाबू


ता. २४ जुलै

सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि रागही आला. वाईट वाटलं ते दुखण्याचं. राग आला तो तुझ्या नोव्हेंबरचा. सरासरी म्हणजे मुदत नव्हे! एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांच्याही डोक्यात शिरत नाही आणि मग घरभर रडारड होते.

पाच रोगी घे. पाचांचे महिने मिळून तीस झाले, तर सरासरी सहा. पण त्या पाचांतला एक जण चोवीस महिने जगलेला असू शकतो. त्याच्याही डॉक्टरने त्याला सहाच सांगितले असतील. सहा महिने बरोब्बर काढणारा त्या पाचांत एकही नसेल, तरी सरासरी सहाच येते. तेव्हा नोव्हेंबर डोक्यातून काढून टाक. तू दोन वर्षं काढशील असं समजून वाग. समजून उमजून जगणं हेच अर्धं औषध आहे.

पोरीविषयी. तिला मी कालच विचारलं की परीक्षेआधी घरी जायचं आहे का. ती नाही म्हणाली. तिच्या तोंडची नाही मी तुला जशीच्या तशी कळवतो आहे, पदरचा शब्द घातलेला नाही. तिच्याइतकं तल्लख डोकं या घराण्यात दुसरं झालं नाही. तुम्हा दोघांच्या पोटी ती कशी आली, हे मला पडलेलं कोडं आहे. तिला तिकडे औषधांच्या वासात गंजत ठेवायला मी पाठवणार नाही. परीक्षेनंतर बघू.

पोटभर म्हणजे किती, तेही एकदा लिहून कळव. मी तेवढं वाढीन.

तुझं शुभ चिंतणारा,
मामंजी


ता. २० सप्टेंबर

ती. आईस आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी पहिली आले! सगळ्यांत पहिली! आजोबांनी शाळेच्या फळ्यासमोर मला खांद्याला धरून उभं केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून माझा नंबर वाचायला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं, पण ते कबूल करत नाहीत.

घरी आल्या आल्या मी ट्रंक भरली. ससा सगळ्यांत वर ठेवला, म्हणजे तुझ्याकडे आल्यावर पहिला तो निघेल. बूट घालून मी जिन्याशी बसले. आजोबांनी विचारलं की कुठे निघालीस. मी सांगितलं की पास झाले, म्हणून घरी. मग त्यांनी मला फळ्याजवळ बोलावलं.

आई, माझीच चूक झाली. ते म्हणाले होते की नापास झालीस तर घरी जायचं नाही. पास झालीस तर जायचं, असं ते कधीच म्हणाले नव्हते. मी आपलं आपणच ते उलटं करून घेतलं. त्यांनी समजावून सांगितलं. तिकीट नसेल तर बसमध्ये बसता येत नाही, पण तिकीट काढलं म्हणून बस येतेच असं नाही. ही चूक मोठी माणसंसुद्धा करतात, असं ते म्हणाले, आणि आता मी ती पुन्हा करणार नाही म्हणून मला शाबासकी दिली. मी खूप विचार केला. त्यांच्या बोलण्यात चूक शोधली. सापडली नाही गं.

टेकडीवरची शाळा सोमवारी सुरू होते. आजोबा म्हणतात की घरी मोठ्या सुटीत जायचं. बाबा, तुम्ही मला न्यायला याल का? तुम्ही आलात तर ते तुम्हाला नाही म्हणू शकणार नाहीत. आईचा खोकला तसाच आहे का? जुलैनंतर आईच्या हातचं पत्र आलं नाही. बूट मी अजून काढलेले नाहीत.

तुमची,
भिंगरी


ता. २४ सप्टेंबर

ती. बाबांस,
नमस्कार.

परवा, रविवारी पहाटे, ही गेली. नोव्हेंबर आलाच नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला तार केली होती. प्रकृती गंभीर आहे, मुलीला पाठवा, एवढंच तीत होतं. परीक्षा आटोपू दे, असं तुमचं उत्तर आलं. परीक्षा आटोपली. मी रोज संध्याकाळच्या बसला जाऊन उभा राहत होतो. शेवटची बस रिकामी झाली की घरी यायचो. दार वाजलं की ही उशीवरून मान उचलायची. मी एकटाच दिसलो की पुन्हा भिंतीकडे वळायची. शेवटी शेवटी मी दार न वाजवता आत यायला लागलो.

भिंगरीचं पत्र काल आलं. आम्हा दोघांना लिहिलेलं. मी ते वाचलं आणि पंपघरात जाऊन बसलो, कारण तिथे आवाजात माणसाला रडता येतं.

बाबा, मी जन्मभर तुमच्यासमोर मान वर केली नाही. तुम्ही म्हणालात की मला अक्कल नाही, मी मान्य केलं. पण मला नुसतं बसमध्ये बसवून द्यायला सांगायचं होतं, आणि ते मी घाबरत घाबरत ता. क. मध्ये लिहिलं. दरडावून लिहायला हवं होतं. हे मला आता झोपू देत नाही.

मी शनिवारी येतो आहे. तिला काही सांगू नका. मी सांगेन. तुमच्या तोंडून तिला हे समजावून घ्यायचं नाही.

बाबू


ता. ४ ऑक्टोबर

चि. बाबूस,
आशीर्वाद. वि. वि.

तू आलास आणि चहासुद्धा न घेता पोरीला घेऊन गेलास. जिन्यात लाँड्रीवाल्याला नमस्कार केलास, मला नाही. दुःखात माणसाचं भान सुटतं, म्हणून मी ते मनावर घेत नाही.

सूनबाई गुणी होती. मला तिचं वाईट वाटलं, हे कोणी विचारलं नाही तरी सांगतो. पण तू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतास, ती चुकीची होती. मी तिला खोटं काय सांगितलं? पाच रोगी, तीस महिने. एकाने चोवीस घेतले तर उरलेल्या चौघांना मिळून सहा. म्हणजे त्यांची सरासरी दीडच महिना. हे सगळं माझ्या उदाहरणातच होतं. मी चोवीसवाला दाखवला, बाकीच्यांची वजाबाकी तुम्ही करायची होती. उदाहरण पुरतं सोडवून बघावं, हे मी तुला लहानपणापासून ओरडून सांगत आलो, पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि गंभीर हा शब्द. त्याला ना एकक, ना माप. त्यावरून मी काय ठरवायचं होतं?

शाळेतली तिची जागा दुसऱ्याला गेली. दुसरा कोण, तर एक या अंकाला मूळ संख्या म्हणणारा गाढव. एवढं डोकं तू मातीत घातलंस.

पाव हल्ली मी कापत नाही. आख्खाच खातो.

तुझा बाप


ता. ११ जानेवारी

चि. परीक्षार्थीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सतरा वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, तरी मी लिहितो आहे. हे अक्षर खालच्या लाँड्रीवाल्याच्या मुलाचं आहे. माझी दृष्टी गेली. काचांवर वाफ आहे की डोळ्यांवर, ते कळत नाही. न्हाणीघरात पडलो, तेव्हापासून खाट धरली आहे.

तू कॉलेजात गणित शिकवतेस असं कळलं. मुलांच्या मनातले घोटाळे तू फार सुरेख सोडवतेस असं तुझा एक विद्यार्थी लाँड्रीत कपडे द्यायला आला होता तो सांगत होता. मी खाटेवरून ऐकत होतो. त्याला सांगितलं नाही की तुला घडवली कोणी. तूही सांगत नसशील.

आता स्पष्ट लिहितो. मला एकट्याला भागत नाही. तुझ्या घरात एक खोली असेल. तुझा बाप दर महिन्याला पत्र पाठवतो, पण ते कर्तव्य म्हणून. मी ते ओळखतो. या कुटुंबात कोणालाच माझी माया नाही. एका म्हाताऱ्याने पोरीला शिकवलं, याची एवढी शिक्षा? माझं काय चुकलं, ते एकदा दाखवून दे. तुला दाखवता येत असेल तर.

उत्तराची वाट पाहणारा,
आजोबा


ता. १९ जानेवारी

आजोबांस,

पत्र पोचलं. चूक दाखवून दे म्हणालात, दाखवते. सतरा वर्षांपूर्वीच्या कुठल्याही वाक्यात नाही, ती मी तेव्हाच शोधून थकले. चूक या पत्रातल्या वाक्यात आहे.

या कुटुंबात कोणालाच तुमची माया नाही, असं तुम्ही लिहिलंत. असं विधान खोटं ठरायला एक माणूस पुरतो, आणि तो माणूस आहे. बाबा तुम्हाला पत्र लिहिण्याआधी कच्चा मसुदा काढतात. तो मला तपासायला देतात, तुम्हाला त्यात चूक सापडून तुमचा दिवस वाईट जाऊ नये म्हणून. साठी उलटलेला माणूस पत्र पेटीत टाकायला जाताना शर्ट बदलतो. याला तुम्ही कर्तव्य म्हणता. तुमच्या पडण्याची बातमी आली तेव्हा ते जेवले नाहीत. माया नाही तर मग हे काय आहे, ते तुम्हीच सांगा. तुमचं विधान खोटं आहे.

माझे विद्यार्थी इथे हटकून एक घोटाळा करतात, तो तुम्हीही कराल, म्हणून सांगून ठेवते. कोणालाच नाही हे खोटं ठरलं म्हणजे सगळ्यांना आहे हे खरं ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकतात. सगळ्यांना आहे हे खोडायलाही एकच माणूस लागतो.

बाबा रविवारच्या बसने तुम्हाला न्यायला येत आहेत. मी त्यांना अडवलं नाही, कारण आईने अडवलं नसतं. ते तुम्हाला उचलून जिना उतरवतील. खोली आहे, डॉक्टर आहे, आणि तुम्हाला दोन्ही वेळा पोटभर वाढलं जाईल, किती ते न विचारता. तुम्ही आलात की मी कॉलेजच्या वसतिगृहात राहायला जाणार आहे. बाबांना याचं फार वाईट वाटतं आहे. त्यांचं वाईट वाटणं मी सोसेन.

कुटुंब म्हणाल तर आता आम्ही दोघंच उरलो आहोत. त्यातल्या एकाला तुमची माया आहे. दुसरी मी.

उत्तर लिहवून घेण्याचे कष्ट घेऊ नयेत.

आपली नात